लेथचा बेड निर्दोष का निघत नाही? ओतकामातले गैरसमज आणि वस्तुस्थिती

लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी भीती एकेकाळी आपल्याकडच्या शेतकऱ्यांना वाटत होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ती दूर केली आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर हा लेथचा कारखाना निघाला. आज कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या देशभरच्या कारखान्यांना बिडाचे सुटे भाग पुरवतात. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मढ, ओतूर, घोडेगावकडची मुलंही आयटीआय करून पुणे-नाशिक रस्त्याने भोसरी-चाकण गाठतात. पण नांगराविषयीचे गैरसमज गेले, तरी ओतकामाविषयीचे काही अजून टिकून आहेत. त्यापायी चांगलं बीड पुन्हा भंगारात जातं.

गैरसमज १ : कास्टिंग बिघडलं म्हणजे मोल्डरचा हात चुकला.

वस्तुस्थिती : निम्मं काम ड्रॉइंग आणि पॅटर्नमध्येच ठरलेलं असतं. लेथच्या बेडला गाईडवे (कॅरेज ज्यांवरून सरकतं त्या पट्ट्या) जाड आणि आतल्या फासळ्या पातळ असतात. पातळ भाग आधी थंड होतो, जाड भाग मागून आकसतो आणि बेड वाकतो. म्हणून जाणता पॅटर्नमेकर पॅटर्नलाच उलटा बाक देतो, शिवाय आकसण्यासाठी साधारण एक टक्का जादा माप धरतो. बेड ओततात तोही पालथा, गाईडवे खाली ठेवून. स्लॅग, सुटलेली वाळू आणि वायू वर चढतात, त्यामुळे सर्वांत महत्त्वाचा पृष्ठभाग स्वच्छ राहतो. हे निर्णय आधीच चुकले असतील, तर मोल्डर कितीही कसबी असला तरी माल वाचत नाही.

गैरसमज २ : ब्लोहोल आलं म्हणजे वाळू ओली होती.

वस्तुस्थिती : ओली वाळू हे एक कारण आहे, एकमेव नव्हे. ग्रीन सँडमध्ये ओलावा साधारण तीन ते चार टक्के ठेवतात. तो नेमका असूनही कोर नीट भाजला नसेल, त्यात रेझिन जास्त पडलं असेल किंवा व्हेंट बुजलं असेल, तर वायू धातूतच अडकतो. भंगारातून ॲल्युमिनियमचा अंश आला, की तो ओलाव्याशी संयोग पावून हायड्रोजन मोकळा करतो. मग कातडीखाली टाचणीएवढी छिद्रं होतात आणि ती मशीनिंगचा पहिला कट घेतल्यावरच दिसतात. स्टीलचं भंगार, कार्बुरायझर आणि युरियायुक्त रेझिन यांतून नायट्रोजनही येतो. म्हणून छिद्र दिसलं की आधी त्याचा आकार, जागा आणि आतली कड नीट पाहावी. वाळूत हात घालायचा तो त्यानंतर.

गैरसमज ३ : बिडात गंधक जितकं कमी तितकं चांगलं.

वस्तुस्थिती : जास्त गंधक घातक असतं, पण फार कमी गंधकही करड्या बिडाला मानवत नाही. ते सुमारे ०.०५ टक्क्यांच्या खाली गेलं, की इनॉक्युलेशनचा (ग्रॅफाइट नीट बनावं म्हणून ओतण्याआधी टाकलेल्या मिश्रधातूचा) परिणाम मंदावतो आणि ग्रॅफाइटच्या पाकळ्या नीट तयार होत नाहीत. इंडक्शन भट्टीत स्टीलचं भंगार जास्त वापरलं, की ही अडचण हमखास येते. खरा प्रश्न गंधक आणि मँगनीजच्या मेळाचा आहे. मँगनीज गंधकाच्या १.७ पट अधिक ०.३ टक्के असावं, हा हिशेब फाउंड्रीत पूर्वीपासून वापरतात.

गैरसमज ४ : जितकं कडक बीड, तितका टिकाऊ बेड.

वस्तुस्थिती : कोपऱ्यात किंवा पातळ कडेला आलेला कडकपणा बहुतेक वेळा चिल असतो. तिथे ग्रॅफाइट न होता पांढरं बीड झालेलं असतं. ते टूल मोडतं आणि धक्क्याने तडकतं. बेडला हवी असते पर्लाइटची बैठक आणि तीत पसरलेल्या ग्रॅफाइटच्या पाकळ्या. कंपनं जिरवण्याचं काम या पाकळ्याच करतात. गाईडवे कडक करायचा तो नंतर, फ्लेम किंवा इंडक्शनने. चिल आधीच ओळखण्याचा उपाय भट्टीजवळच आहे. ओतण्यापूर्वी पाचरीच्या आकाराचा छोटा नमुना ओतून तो थंड झाल्यावर मोडायचा. टोकाशी पांढरी पट्टी दिसते, तिची रुंदी मोजायची. पट्टी रुंद निघाली तर कार्बन, सिलिकॉन किंवा इनॉक्युलेशन दुरुस्त करायचं आणि मगच लेडल उचलायचं. इनॉक्युलंट टाकल्यावर रेंगाळू नये, कारण दहा-पंधरा मिनिटांत त्याचा असर ओसरू लागतो.

गैरसमज ५ : रायझर (वितळलेल्या धातूचा जादा साठा) मोठा लावला की आतली पोकळी जाते.

वस्तुस्थिती : करडं बीड गोठताना ग्रॅफाइट बाहेर पडतो आणि धातू थोडा फुगतो. मोल्ड घट्ट असेल तर हे फुगणंच आतली पोकळी भरून काढतं. मोल्ड पोचट असेल तर भिंत मागे सरते, कास्टिंग मापापेक्षा जाड होतं आणि आत स्पंजासारखी पोकळी राहते. अशा वेळी रायझर वाढवून नुसतं जादा बीड वितळवलं जातं. आधी रॅमिंग, मोल्डचा कडकपणा आणि फ्लास्कचे क्लॅम्प तपासावेत.

गैरसमज ६ : बेड वर्षभर उघड्यावर टाकला की त्यातला ताण निघून जातो.

वस्तुस्थिती : ऊन-पावसाने ताणाचा थोडाच भाग कमी होतो. भरवशाचा मार्ग म्हणजे स्ट्रेस रिलीव्हिंग. भट्टीत सावकाश तापवत साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचं, जाडीच्या दर २५ मिलिमीटरला सुमारे एक तास धरायचं आणि भट्टीतच हळूहळू थंड करायचं. घाईने थंड केलं तर घालवलेला ताण परत येतो. कास्टिंग मोल्डमधून लालभडक असतानाच बाहेर काढलं, तरीही ताण वाढतो. ऑर्डरची घाई असली तरी या दोन ठिकाणी वेळ वाचवू नये.

एवढं करूनही छिद्र निघालंच, तर ते लांबी भरून रंगाखाली झाकण्याचा मोह होतो. बाहेरच्या, काम न करणाऱ्या बाजूवर ग्राहकाला सांगून ते चालेल. गाईडवेवर कधीच नाही. तिथलं छिद्र पुढे प्रत्येक जॉबच्या मापात बोलतं.

फाउंड्रीत काम करणाऱ्या प्रत्येकाने एक वही ठेवावी. प्रत्येक हीटचा चार्ज, ओतण्याचं तापमान, पाचरीवरच्या पट्टीची रुंदी, वाळूचा ओलावा आणि नाकारलेल्या मालातला दोष त्याच दिवशी लिहावा. काही महिन्यांतच कोणता दोष कुठून येतो ते त्या पानांवर दिसू लागेल आणि दोष कुणाच्या माथी मारायचा हा वाद आपोआप मिटेल.