अमोघवर्षाचं धोतर

"मावशी, राजा बघ," भाच्याने हाक मारली. सिडकोतल्या त्याच्या खोलीत कूलर चालू होता, ओल्या वाळ्याचा वास कोंदलेला. लॅपटॉपवर राष्ट्रकूटांचा अमोघवर्ष, साल ८६७. डोक्यावर मुकुट आणि अंगावर चिंधीही नाही. ज्याच्या पणजोबांच्या, पहिल्या कृष्णाच्या, काळात इथून तीसेक किलोमीटरवर वेरूळचं कैलास लेणं खोदलं गेलं, तो भर दरबारात असा!

'क्रुसेडर किंग्ज थ्री' हा २०२० साली आलेला गेम. त्याला हौशी लोकांनी फुकट केलेले मॉड जोडता येतात. कुणी चेहरे करतं, कुणी दागिने, कुणी कपडे. भाच्याने ३२ जोडलेले. "एकेक बंद करून बघायचं तर ३२ वेळा गेम चालू करावा लागेल." म्हणून निम्मे बंद करायचे, गेम उघडायचा, राजाकडे बघायचं. सोळा, आठ, चार. हा रिकामटेकडा उद्योग म्हणून मी नाक मुरडलं होतं. चौथ्या फेरीला मीच खुर्ची पुढे ओढली.

शेवटी दोन उरले. वेगवेगळे लावले की राजा नीटनेटका, दोन्ही लावले की उघडा. दोघांत एकाच जागी एकाच नावाची फाइल होती. गेम त्या जोडत बसत नाही. यादीत जो मॉड खाली त्याची घेतो, वरच्याची सबंध सोडून देतो. म्हणजे लॉन्ड्रीची पावती हातात, पण दुकानातली वहीच बदललेली. क्रम उलटा केला, तर राजाला धोतर मिळालं आणि प्रधान उघडा पडला.

मग त्याने दोन्ही फायलींतल्या नोंदी तिसरीत उतरवायला घेतल्या. महिरपी कंस उघडला की बंद झाला का, ते पडद्यावर बोट टेकवून बघत होता. "एक सुटला की खालचं सगळं बोंबलतं."

"याला हिमरू घाल की, आपल्या गावचा."

"मावशी, ८६७ सालात? हिमरू तुघलकाबरोबर आला म्हणतात."

मी गप्प बसले.

तिसरी फाइल यादीच्या तळाशी गेली. गेम उघडेपर्यंत चहा निवला. राजा धोतरात, प्रधानही झाकलेला. मागच्या सेनापतीचे केस मात्र गायब, डोकं तुळतुळीत.

"काल होते ना रे?"

उत्तर न देता त्याने गेम बंद केला आणि ३२ची यादी पुन्हा उघडली.