मुठीत मावणारी जोडी

नवजात बाळाचं मूत्रपिंड जेमतेम साडेचार सेंटिमीटर लांब असतं. दोन्हींचं मिळून वजन 25 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका लिंबाइतकंही नाही. मोठ्या माणसाचं एकेक मूत्रपिंड 10 ते 12 सेंटिमीटरचं. मग दान केलेली बाळाची ही जोडी मोठ्या माणसाच्या शरीरात बसवली, तर त्याचं रक्त गाळू शकेल?

गाळते! कारण रक्त गाळणारे सूक्ष्म नेफ्रॉन, प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी 10 लाख, आईच्या पोटात 36व्या आठवड्यापर्यंत तयार झालेले असतात. त्यानंतर नवा नेफ्रॉन एकही बनत नाही, असलेलेच मोठे होतात. पूर्ण दिवसांचं बाळ जन्माला येतं तेच आयुष्यभराची गाळणी घेऊन.

प्रत्यारोपणात अडचण असते ती रक्तवाहिन्यांची. इतक्या बारीक धमनीला टाका घालायचा कसा? त्यावरची युक्ती फार सुंदर आहे. शल्यचिकित्सक मूत्रपिंडं सुटी करतच नाहीत. मधली महाधमनी आणि महाशिरा यांच्या तुकड्यांसह ती अख्खी जोडी काढतात. त्या दोन्ही तुकड्यांचं एकेक टोक शिवून बंद करतात, दुसरं रुग्णाच्या ओटीपोटात, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिन्यांना जोडतात. मग दोन्ही मूत्रवाहिन्या मूत्राशयात. रुग्णाची जुनी मूत्रपिंडं बहुधा जागच्या जागी राहतात. अशी जोडी अखंड बसवण्याचे प्रयोग अलेक्सिस कॅरेल यांनी 1908च्या सुमारास मांजरांवर केले होते. रक्तवाहिन्या शिवण्याच्या आणि अवयवरोपणाच्या कामासाठी त्यांना 1912चं नोबेल मिळालं.

सुरुवातीचे दिवस धाकधुकीचे. नाजूक वाहिनीत गुठळी झाली तर सगळंच हातचं जातं. पण ते दिवस निभावले, की सोनोग्राफीत एक नवल दिसू लागतं. बाळाच्या अंगात जी वाढ व्हायला कित्येक वर्षं लागली असती, ती मोठ्या शरीरात महिन्यांत होते. कामाचा भार पडतो तशी मूत्रपिंडं मोठी होत जातात.

चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयात 39 दिवसांच्या एका मुलीची मूत्रपिंडं 15 वर्षांच्या मुलाला मिळाली. मार्च 2023च्या ‘मन की बात’मध्ये तिच्या दानाचा उल्लेख झाला. आपल्या कायद्यानुसार मेंदूमृत बालकाच्या अवयवदानाला आई किंवा वडील संमती देऊ शकतात. ज्या घरात बाळाच्या कौतुकाची गडबड असायची, त्या घराने ही संमती दिली. वाढायचं तिचं राहून गेलं. तिच्या मूत्रपिंडांना मात्र वाढायला जागा मिळाली.