दाब किती ते सांगणारं झाकण

बटण दाबलं की दिवा लागतो. पण हळू दाबा नाहीतर जोरात दाबा, दिवा तेवढाच. दाब कमी का जास्त ते जी वस्तू ओळखते तिला सेन्सर म्हणतात. तो घरी करता येतो.

टॉर्चचा संपलेला मोठा सेल घ्यावा. त्यात मधोमध काळी कांडी असते, ती कार्बनची. आमची कांडी गुरुजींनी पकडीने काढून दिली. अल्कलाईन लिहिलेला सेल फोडू नये, त्यात कांडी नसते आणि आतला मसाला हाताला भाजतो. मोबाईलच्या बॅटरीला तर हातच लावू नका, ती पेट घेते.

कांडी धुऊन वाळवावी आणि दगडाने ठेचावी. वरवंट्याने ठेचू नये, आई रागावते. दाणे साखरेएवढे पायजेत. पार पीठ केलं तर ते दबून बसतं.

आता बरणीचं प्लॅस्टिकचं झाकण घ्या. तळाला फॉईलची चांदी आणि तिला चिकटपट्टीने एक तार. त्यावर रुपयाएवढं भोक पाडलेला स्पंज. स्पंज काठाच्या थोडा वर आला पायजे. भोकात काठापर्यंत दाणे भरा. वरून पुठ्ठ्याची चकती, तिच्या खालच्या बाजूला चांदी आणि दुसरी तार. या दोन तारांमध्ये दोन सेल आणि टॉर्चचा तारेचा बल्ब एकामागे एक जोडा. एलईडी नको.

चकती हळू दाबली की बल्बची तार नुसती तांबडी होते. जोर वाढवला की पिवळा उजेड पडतो. असं का होतं? ओढ्यातले दगड लांब लांब असले की एकेकानेच उड्या मारत जावं लागतं. दगड जवळ आले की सगळी पोरं एकदम पलीकडे जातात. तसेच दाबाने दाणे एकमेकांना जास्त ठिकाणी टेकतात आणि वीज जास्त जाते. जुन्या टेलिफोनमध्ये बोलायच्या बाजूला असाच कार्बन असायचा. आवाजाच्या दाबाने वीज कमी-जास्त व्हायची. एडिसनने १८७७ च्या सुमारास तसा फोन केला. त्यातले दाणे कधी कधी घट्ट बसायचे, मग लोक फोन आपटायचे. आपलंही झाकण बिघडलं तर टिचकी मारावी.

माझ्या आजीला रात्री कमी दिसतं. लाईट गेली होती तेव्हा ती उंबऱ्याला अडखळून पडली, मनगट मोडलं. म्हणून मी तिच्या खाटेजवळ एक फळी ठेवली, खाली चार कोपऱ्यांना स्पंज आणि मधे हे झाकण. बल्ब उंबऱ्यापाशी बांधला. एरवी चकती दाण्यांना टेकत नाही, म्हणून सेल उगाच उतरत नाहीत. आमचं मांजर रोज त्या फळीवर झोपतं, तरी बल्ब लागत नाही. आजी उभी राहिली की लागतो.