तानसाकाठची गाडवाट

रविवारी पहाटेच्या कसारा लोकलला लगेजच्या डब्यात दुधाच्या रिकाम्या किटल्यांशेजारी एखाद-दोन जाड टायरांच्या सायकली उभ्या दिसतात. पुढचं चाक सोडवून चौकटीला बांधलेलं, हँडल आडवं वळवलेलं आणि मालक दारात वारा खात. आसनगाव आलं की डाव्या हाताला माहुलीचा डोंगर आणि त्याचे नवरा, नवरी, भटोबा हे सुळके उजेडात येऊ लागतात. पुढचं स्टेशन आटगाव. सायकली तिथे उतरतात.

स्टेशनाबाहेर पहिलं काम असतं हवा काढण्याचं. नवख्याला याचं नवल वाटतं. अंगठ्यानं टायर दाबायचा, व्हॉल्व्हची टोपी काढायची, नखानं पिन दाबून फुस्सकन थोडी हवा सोडायची, पुन्हा दाबून बघायचं. डांबरी सडकेवरच्या बारीक चाकांत ८०-१०० पौंड हवा भरतात. सव्वादोन इंची टायरला मुरुमावर तिशीच्या आसपास पुरते. टणक टायर प्रत्येक खड्यावरून उडतो, सैल टायर दगडाला धरून चालतो. पुढच्या तीस किलोमीटरांत मनगटं शाबूत राहायची की नाही, ते बरंचसं इथेच ठरतं.

आटगावहून अघईच्या बाजूनं तानसा तलाव बारा-तेरा किलोमीटर. सागाचं रान, मधूनमधून भाताची खाचरं, पाड्यांची वळणं, आणि एका वळणावर अचानक पाणी. स्कॉटलंडच्या सरोवरांची छायाचित्रं पाहून हळहळणाऱ्यांनी ऑक्टोबरच्या सकाळी एकदा इथे उभं राहावं. फरक एवढाच, की तिकडच्या बहुतेक सरोवरांची खोरी हिमनद्यांनी कोरली आणि आपला तलाव मुंबईच्या तहानेनं भरला.

तसं पाहिलं तर स्कॉटलंडचं लॉख कॅट्रिन हे सरोवर तानसाचं थोरलं भावंडच म्हणायला हवं. सर वॉल्टर स्कॉटनं १८१० साली त्यावर काव्य रचलं आणि प्रवाशांची रीघ लागली. पण कॉलऱ्यानं बेजार झालेल्या ग्लासगो शहराला शुद्ध पाणी हवं होतं. जॉन फ्रेडरिक बेटमन या इंजिनिअरनं सरोवराची पातळी वाढवून पाणी शहराकडे वळवलं आणि १८५९ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते ते सुरू झालं. मुंबईला विहारचं पाणी १८६० मध्ये मिळालं, तानसाचं १८९२ मध्ये. बेटमनच्या कालव्याचा उतार मैलाला जेमतेम दहा इंच होता. पाणी आपल्या पायांनी ग्लासगोला चालत गेलं. आज कॅट्रिनच्या उत्तर काठानं वीसेक किलोमीटरचा रस्ता आहे. तो पाणीपुरवठा खात्याचा, सर्वसाधारण मोटारींना बंद, पण सायकलींना आणि पायी चालणाऱ्यांना खुला. शहराला पाणी पाजण्यासाठी केलेली सोय सायकलवाल्यांच्या अशी पथ्यावर पडली.

तानसाचं पाणीही गुरुत्वाकर्षणानंच मुंबईकडे येतं. सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीची दगडी भिंत, तिचे ३८ दरवाजे आणि तिथून निघालेल्या पुरुषभर उंचीच्या जलवाहिन्या. पंप न लावता पाणी न्यायचं म्हटल्यावर आखणी करणाऱ्यांनी डोंगर टाळले, उतार सांभाळला. त्यामुळे पाइपाच्या कडेनं देखभालीसाठी जिथे जिथे रस्ता आहे, तिथे सायकलची दमछाक होत नाही. अर्थात ही जागा महापालिकेची. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि ज्या पाण्यावर एवढं शहर जगतं तिथे ते रास्तच आहे. याच जलवाहिनीलगत मुलुंडपासून शहराच्या आत ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक करण्याची योजना महापालिकेनं काही वर्षांपूर्वी जाहीर केली होती. पाइपाची वाट सायकलीला मानवते, हे म्हणजे कागदोपत्री कधीच मान्य झालं आहे.

खरी मजा मात्र पाइप सोडून गाडवाटेला लागल्यावर.

डोंगरातल्या सायकलवाटा बांधणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे. डोंगराला जेवढा उतार, त्याच्या निम्म्याहून जास्त चढ वाटेला असू नये, आणि सरासरी चढ शंभर मीटरला दहा मीटरांच्या आत असावा. शिवाय वाट दरीच्या बाजूला किंचित कलती हवी. पावसाचं पाणी वाटेवरून आडवं निघून गेलं तर वाट टिकते. ते वाटेनंच धावू लागलं तर दोन पावसाळ्यांत वाटेचा ओहोळ होतो. परदेशात हे शिकवायला कार्यशाळा घेतात. शहापूर-मुरबाडच्या बैलांना ते उपजत ठाऊक होतं. भाताच्या पेंढ्यांनी किंवा लाकडांनी भरलेली गाडी ओढणारा बैल उभ्या चढाला पाय रोवून थांबतो, मग गाडीवान वळसा घेतो, आणि वळशावळशांतून वाट अंगानं डोंगर चढते. माणसाच्या पायवाटेचं उलटं असतं. पाड्यावरून विहिरीकडे जाणारी वाट नाकासमोर खाली उतरते, कारण डोक्यावर दोन हंडे असताना वळसे कोण घेणार! म्हणून सायकलस्वारानं पायवाट आणि गाडवाट यांच्या फाट्यावर दुसरी धरावी. मधे गवताची पट्टी आणि दोन्ही बाजूंना चाकोऱ्या, ही तिची खूण. आता बैलगाड्या थोड्या उरल्या, चाकोऱ्या ट्रॅक्टरनं रुंद केल्या. पण आखणी बैलाचीच. बैलांचा इथला मान पाहायचा तर पौष पौर्णिमेला भरणाऱ्या म्हशाच्या यात्रेत मुरबाडकडे जावं. तिथल्या गुरांच्या बाजारात बैलाचे दात आणि खूर ज्या नजरेनं तपासले जातात, तेवढ्या बारकाईनं कुणी लाखाची सायकलही पाहत नसेल.

मुळात हा खेळच उसन्या वाटांवर जन्मला. कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपायस डोंगरावर १९७०च्या दशकात काही तरुण जुन्या, जड सायकली घेऊन उतार उतरू लागले. रस्ता होता वणवा लागला तर बंब नेण्यासाठी केलेला. १९७६ मध्ये त्याच परिसरात शर्यत सुरू झाली, तिचं नाव रिपॅक. कारण एका उतारात मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून धूर निघे आणि ते पुन्हा भरावं लागे. वीस वर्षांत, १९९६ला, हा खेळ ऑलिंपिकमध्ये पोहोचला.

मुरबाडच्या बाजूला पोत वेगळा. बदलापूरहून बारवी धरणाच्या जंगलातून मुरबाडला येणारा रस्ता डांबरी असला तरी चढउतारांचा, सावलीचा. नवशिक्यानं सुरुवात इथून करावी. टोकावड्याच्या पुढे सह्याद्रीची भिंत समोर उभी राहते. वैशाखऱ्याजवळून नाणेघाट चढतो. सातवाहनांच्या काळापासून बैलांच्या आणि गाढवांच्या पाठीवरून कोकणातला माल या घाटानं जुन्नरला जात असे. माथ्यावरच्या गुहेत नागनिकेचा लेख आहे, जवळच जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. पाठीवरच्या मालाला जमणारी ही वाट चाकाला जमत नाही. हौशी मंडळी सायकल खांद्यावर टाकून चढतात खरी, पण निम्म्या घाटात आपण तिच्यावर बसायला आलो होतो की तिला फिरवायला, असा प्रश्न पडतोच.

मोसमाचं गणित साधं आहे. जून ते सप्टेंबर कातळावर शेवाळ आणि खाचरांच्या बांधावर चिखल. त्या दिवसांत ओल्या वाटेवर चाक घातलं की चर पडतो आणि तो वर्षभर भोगावा लागतो. बांध तुटला तर शेतकऱ्याचं पाणी जातं, ते वेगळंच. शिवाय पावसाळ्यात धबधब्यांवर आणि धरणांवर प्रशासन अनेकदा मनाई हुकूम काढतं. दिवाळीनंतर जमीन आवळते, तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंत उत्तम. मार्चमध्ये राब भाजतात, धूर आणि राख असते, पण मोहाचा वास त्याच दिवसांतला. करवंदीचा काटा मात्र बारमाही. ट्यूब काढून टायरात चिकट द्रव भरण्याची पद्धत ज्यानं शोधली, त्याला शहापूरच्या जाळ्यांनी लवून नमस्कार करायला हवा. काटा रुततो, द्रव भोकावर थिजतो, चाक फिरत राहतं.

कॅट्रिनशी तुलना एका ठिकाणी मात्र थांबते. स्कॉटलंडमध्ये २००३च्या जमीन सुधारणा कायद्यानं जबाबदारीनं वागण्याच्या अटीवर बहुतेक जमिनीवर आणि पाण्यावर फिरण्याचा हक्क सगळ्यांना दिला; सायकल त्यात आलीच. तानसाभोवतीचं रान हे सुमारे ३२० चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे. इथे हक्क नाही, परवानगी आहे, आणि तीही आखून दिलेल्या रस्त्यांपुरती. सायकलवाले यावर कुरकुरतात. पण एकेकाळी नामशेष समजला गेलेला आणि १९९७ मध्ये पुन्हा सापडलेला रानपिंगळा २०१४ साली याच रानात दिसला, हे कळल्यावर कुरकुरीचा आवाज जरा खाली यायला हरकत नाही. गाडवाटा पुष्कळ आहेत. पिंगळ्याच्या ढोलीखालूनच गेलं पाहिजे असं थोडंच आहे?

एप्रिल-मेमध्ये या वाटांवर आणखी एक वाहन भेटतं. अरुंद रस्त्यावर सायकल बाजूला घेऊन त्याला जागा द्यावी लागते, कारण तो पाण्याचा टँकर असतो. तानसा, भातसा, मोडकसागर यांच्या परिसरातला हा शहापूर तालुका, आणि मुंबईच्या पाण्यातला निम्मा वाटा एकट्या भातसाचा. तरीही डोंगरावरच्या पाड्यांच्या विहिरी होळीनंतर तळ गाठतात. टँकर विहिरीत रिकामा होतो आणि कठड्याभोवती उभ्या बाया पोहरे सोडतात. पाणी तळाचा गाळ ढवळून वर येतं, ते थोडं निवळू देऊन मग हंडे भरतात.

म्हणून जाणते सायकलवाले उन्हाळ्यात पाड्यावर पाणी मागत नाहीत. तीन लिटर घरूनच भरून आणतात. तानसाचं पाणी पाइपानं भांडुपला जातं, तिथे शुद्ध होऊन शहरातल्या कुणाच्या तरी ओट्यावरच्या नळातून बाटलीत पडतं, आणि पहाटेच्या लोकलनं आटगावला परत येतं.