घरचे बी आणि कडू दुधी

आमच्या कोथरूडच्या घरी गच्चीवर दरवर्षी दुधीचा वेल असतो. त्याचे मूळ बी आईने जुन्नरकडून आणलेले. वेलावरचा एक चांगला दुधी ती तोडत नाही, तिथेच वाळू देते आणि त्याच्या बिया पुढच्या पावसाळ्यासाठी ठेवते. गेल्या वर्षी मात्र याच घरच्या बियांच्या वेलाचा पहिला दुधी कडू निघाला. मला सकाळी दुधीचा रस घ्यायची सवय. एक घोट घेतला आणि थुंकला. "औषध कडूच असायचं रे, पिऊन टाक," आई म्हणाली. डॉक्टर असूनही मी क्षणभर पेला पुन्हा उचलला होता, हे कबूल केले पाहिजे.

वाचकहो, कडू दुधी म्हणजे औषध नव्हे, विष आहे. त्यातील कुकुरबिटासिन या द्रव्याने उलट्या, जुलाब, पोटात कळा सुरू होतात. कधी उलटीतून रक्त पडते, रक्तदाब झपाट्याने उतरतो. यावर उतारा नाही, शिजवूनही कडूपणा जात नाही. 2018 साली पुण्यातच असा रस प्यायल्यानंतर एका महिलेचा मृत्यू झाला होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीचा सल्ला साधा आहे: रस काढण्यापूर्वी दुधीची लहानशी फोड चाखा, कडू लागली तर सगळा दुधी फेकून द्या. रस प्यायल्यावर मळमळ वा अस्वस्थ वाटले तर घरगुती उपाय करीत न बसता तडक रुग्णालय गाठा. (कारल्याचे काय, असे रुग्ण विचारतात. कारल्याचा कडूपणा त्याचा स्वभाव आहे, दुधीचा नव्हे.)

मग आमच्या गोड बियाण्याला झाले काय? शेजारच्या गच्चीवर हौसेने कडू भोपळा लावलेला होता, तंबोऱ्याला लागतो तो. तंबोऱ्याचा भोपळा आणि भाजीचा दुधी एकाच जातीचे. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि पतंग, कीटक या वेलावरचे पराग त्या वेलावर नेतात. त्या वर्षीचे दुधी गोडच लागले, पण पोटातले बी मिसळले होते. त्याचा कडूपणा पुढच्या वर्षी बाहेर आला.

म्हणून ज्या दुधीचे बी धरायचे त्याचे मादी फूल, म्हणजे खाली इवलासा दुधी असलेली कळी, उमलण्याआधीच दोऱ्याने सैल बांधावी. त्याच वेलाची एक नर कळीही बांधून ठेवावी. संध्याकाळी दोन्ही सोडून नराचे पराग मादीला लावावेत आणि मादी फूल पुन्हा बांधावे. टोमॅटो, वाल, घेवडा यांना एवढा खटाटोप लागत नाही. ती फुले बहुधा स्वतःच फळतात. संकरित बियाण्याचे बी मात्र धरू नये, पुढची झाडे सारखी निघत नाहीत. आणखी एक सांगतो. पाकिटातल्या गुलाबी-निळ्या रंगाच्या बियांना बुरशीनाशक लावलेले असते. उरलेली मेथी किंवा धने अशा पाकिटातले असतील तर फोडणीत घालू नका.

पेरण्याआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. सात-आठ मोडावल्या तर बी चांगले. दुधीचे बी रात्रभर भिजवून थेट कुंडीत लावावे; मिरची-टोमॅटोची रोपे करून साधारण महिन्याने हलवावीत.

बियाणे देण्याघेण्याचे मोठे काम अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात, अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी उभे केले. पुण्यातील बाएफ संस्थेची त्यांना साथ मिळाली. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या बियाणे बँकेतून बी न्यायचे आणि पीक आल्यावर दुपटीने परत करायचे, अशी रीत. एका घरचे बी बिघडले तरी दुसऱ्या घरी ते शाबूत राहते.

आमचेही तसेच झाले. आईने काही वर्षांपूर्वी नारायणगावच्या मावशीला बी दिले होते. मावशीने वेल चालू ठेवला होता. यंदा तिच्याकडून पंधरा बिया आल्या, तेरा उगवल्या. पहिला दुधी आईने मला चाखू दिला नाही. स्वतः फोड तोंडात टाकली, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आता किस."