चौथ्या प्रहराचा गवई

महाशिवरात्रीला आमच्या हिमायतनगरात श्री परमेश्वराची यात्रा भरते. जुन्या माणसांच्या तोंडी या गावाचे नाव अजूनही वाढोणाच आहे. शिवरात्रीच्या चार प्रहरांच्या चार पूजा हा शास्त्राने सांगितलेला क्रम. पहिल्या प्रहरी मंडपात पाय ठेवावयास जागा नसते. दुसऱ्या प्रहरी लेकुरवाळ्या उठतात, तिसऱ्या प्रहरी तरणी मुले यात्रेतील पाळण्यांकडे वळतात आणि चौथ्या प्रहरी उरतात ते दहा-पंधरा वृद्ध, पुजारी आणि गाणारा. आजवर आम्ही ऐकलेल्या उत्तम गायनापैकी पुष्कळसे या चौथ्या प्रहरातले आहे.

संस्कृत नाटकांच्या अभ्यासकांस येथे भवभूतीचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. हा विदर्भातील पद्मपुरचा कवी. त्याची नाटके भगवान कालप्रियनाथाच्या यात्रेत झाली, असे त्यांच्या प्रस्तावनांतच म्हटले आहे. हा कालप्रियनाथ म्हणजे उज्जयिनीचा महाकाल, असे पुष्कळ पंडित मानतात. म्हणजे शंकराचीच यात्रा, असाच गलबला, आणि त्या गलबल्यात उभा असलेला असा एक कवी की ज्याने ‘मालतीमाधवा’च्या आरंभीच आपली उपेक्षा करणाऱ्यांना खडे बोल सुनावले आणि आपला समानधर्मा पुढे केव्हातरी जन्मास येईल, अशी आशा बोलून दाखवली. लिहिलेला शब्द वाट पाहू शकतो. भवभूतीची पोथी टिकली म्हणून त्याला समानधर्मा भेटले. गवयाचे तसे नाही. त्याचा स्वर त्या रात्रीबरोबर मावळतो, आणि ऐकणारे दहाच असतील तर तो त्या दहांच्या आयुष्याइतकाच जगतो.

आपल्या मराठवाड्यात असे गुणी किती होऊन गेले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. ज्यांचे नाव आदराने घेता येते असे एक म्हणजे पंडित नाथराव नेरळकर. १६ नोव्हेंबर १९३५ रोजी नांदेडात त्यांचा जन्म झाला. नांदेडचेच गायनगुरू अण्णासाहेब गुंजकर यांच्यापाशी ते शिकले. हैदराबाद संस्थान मुक्त झाले ते १७ सप्टेंबर १९४८ रोजी. तेव्हा नाथरावांना तेरावे वर्ष चालू होते आणि त्या कोवळ्या वयातही मुक्तिसंग्रामाशी त्यांचा संबंध आला होता. पुढे औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सरस्वती भुवनच्या महाविद्यालयात त्यांनी संगीत शिकवले. घरीही शिष्य येत राहिले. २८ मार्च २०२१ रोजी ते निवर्तले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला तो २०१४ सालचा, म्हणजे वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर. मराठवाड्यात त्यांना कोण ओळखत नव्हते? पण मनमाड ओलांडले की ही ओळख पातळ होत जाई, हे खरे आहे आणि ते सांगितलेच पाहिजे.

मनमाडचे नाव आम्ही उगाच घेतलेले नाही. नांदेडहून मुंबईस जावयाचे तर रुळाची रुंदी बदले, म्हणून मनमाडला गाडी बदलावी लागे. तंबोऱ्याची जोडी, पेटी आणि बिछाना सांभाळीत मध्यरात्री एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर गेलेल्या माणसालाच त्या गावाचे महत्त्व कळेल. १९९० नंतरच्या दशकात रूळ रुंद झाले, पण तोवर एक पिढी गाऊन संपली होती. त्याआधीची अडचण याहून मोठी. निजामाच्या राज्यात दरबार आणि शिक्षण यांची भाषा उर्दू, आणि मराठी नाट्यसंगीताची, मैफलींची व तबकड्यांची उलाढाल पुण्या-मुंबईकडे. मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. तोवर त्या पेठेत कोणाची नावे चालायची ते ठरून गेले होते.

शिवाय तबकडी ही वस्तू तरी केवढी? जुन्या तबकडीच्या एका बाजूस सव्वातीन मिनिटांच्या आसपास गाणे मावे. ज्याचे गाणे त्या सव्वातीन मिनिटांत चमकले, तो घरोघर गेला. ज्याला रागाचे दार उघडावयासच पाऊण तास लागे, तो दारातच राहिला.

हे दुःख मराठवाड्याचेच आहे असे मात्र कोणी समजू नये. पुण्या-मुंबईत राहूनही असे घडले आहे. सुरेशबाबू माने (१९०२–१९५३) हे किराणा घराण्याचे अध्वर्यू अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांचे चिरंजीव. हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे या त्यांच्या भगिनी. हिराबाईंना त्यांची तालीम मिळाली. वसंतराव देशपांडे, माणिक वर्मा, प्रभा अत्रे ही मंडळीही त्यांच्यापाशी शिकली. यांतील एकेक नाव घराघरांत पोचले. सुरेशबाबूंची ध्वनिमुद्रणे मात्र मोजकीच उरली, आणि सामान्य श्रोत्याला ते आठवतात ते कोणाचे तरी भाऊ किंवा कोणाचे तरी गुरू म्हणून. त्याआधीचे भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचेही तेच. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांचे हे गुरू. त्यांचे गाणे कसे होते हे आपल्याला शिष्यांच्या आठवणींवरूनच ताडावे लागते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे रडगाणे होईल. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) हे कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराचे पुत्र. आम्हा कीर्तनकारांस याचा अभिमान वाटतो, तो कोणाला फुकटचा वाटला तरी चालेल. लहानपणी दारूकामाच्या अपघाताने त्यांची दृष्टी अधू झाली, तरी त्यांनी १९०१ साली थेट लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढले. आमच्या मराठवाड्याचे म्हणाल तर अंबाजोगाईजवळच्या आपेगावचे शंकरबापू पखवाज घेऊन वारकऱ्यांच्या भजनातून निघाले आणि १९८६ साली पद्मश्रीपर्यंत पोचले. तेव्हा खेड्यातून वाट नसतेच असे नाही. वाट असते, पण निघण्याच्या वेळी पाठीवर हात ठेवणारा कोणीतरी लागतो. हे आम्ही पुस्तकावरून लिहीत नाही.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी आमच्या कीर्तनात मागे टाळ धरून एक मुलगा उभा राहत असे. वय चौदा-पंधरा, बाप कोरडवाहू शेतकरी. पूर्वरंगात आमचा स्वर चढेना की हा मागून तो अलगद उचलून धरी, आणि श्रोत्यांना वाटे की बुवाच गायले. एकदा माहूरच्या मुक्कामी पुण्याकडील एका जाणत्या गृहस्थांनी त्याला ऐकले. ते म्हणाले, याला माझ्याबरोबर पाठवा, राहण्याजेवण्याची सोय करतो, दोन वर्षे नीट शिकू द्या. बापाने आम्हाला विचारले. त्याचे शब्द आजही कानात आहेत : “बुवा, तुमी म्हणताल तसं करू.”

आम्ही सांगितले, यंदा दहावी होऊ द्या, मग पाहू.

सल्ला वरकरणी शहाणपणाचा होता. आजवर आम्ही तो तसाच सांगत आलो. परंतु शिवरात्रीला खोटे बोलू नये. त्या वर्षी आमची चातुर्मासाची कीर्तने ठरलेली होती आणि तसा साथीदार आम्हाला दुसरा मिळाला नसता. पुढच्या वर्षी बाप वारला. शेत, बहिणींची लग्ने, मग स्वतःचा संसार. पुण्याच्या गृहस्थांनी दोन पत्रे पाठवली. दुसऱ्याला आम्ही उत्तर दिले नाही.

गावात लोक हळहळून म्हणतात, त्याचे प्रारब्ध. हा शब्द आम्हीही कीर्तनात शेकडो वेळा वापरला आहे. पण ज्या कर्माचे फळ भोगावयास प्रारंभ झाला ते प्रारब्ध, आणि ते कर्म भोगणाऱ्याचे स्वतःचे असावे लागते. दुसऱ्याने केलेल्या कर्माला ते नाव देणे शास्त्रात बसत नाही. नाथराव नेरळकर मराठवाड्यात राहिले, शिकवीत राहिले, आणि त्यांच्या राहण्याने येथे एक परंपरा उभी राहिली. त्याला त्याग म्हणता येईल. या मुलाच्या राहण्याला आम्ही तो शब्द लावला, तर तो आमच्या सोयीसाठी लावला असे होईल.

तो आता पन्नाशीत आहे. केसांत पांढरे आले, आवाज मात्र खाली जाड होऊन वर तसाच राहिला. शिवरात्रीच्या चौथ्या प्रहरी तो मंडपात बसतो आणि ललत गातो. या रागाला पंचम नाही, आणि दोन मध्यम एकमेकांस लागून येतात. ते दोन मध्यम बरेच गवई शेजारी शेजारी ठेवतात. हा त्या दोहोंमधून एक उसासा काढतो, तो आम्ही दुसऱ्या कोणाकडून ऐकलेला नाही. बिदागी घेत नाही. गाणे संपले की उठून घरी म्हशीच्या धारा काढावयास जातो.

गेल्या वर्षी त्याच्या मुलीने खांबाआड बसून ते गाणे मोबाइलमध्ये टिपून घेतले. सकाळी तिने ते आम्हाला आणून ऐकवले. मध्येच कोणाचे तरी खोकणे, पाळण्यांचा भोंगा, पुजाऱ्याची घंटा, आणि त्या सगळ्यातून ते दोन मध्यम. तिने विचारले, “आजोबा, हे कुठे पाठवता येईल का?”

त्या पुण्याच्या गृहस्थांच्या घरचा पत्ता आमच्या जुन्या वहीत होता. ते स्वतः आता नाहीत, पण त्यांच्या घरी अजून गाणे आहे असे कळले. आम्ही पत्र लिहिले आणि पहिल्याच ओळीत त्या न दिलेल्या उत्तराची क्षमा मागितली. गाणे मुलीने मोबाइलवरून पाठवले. यंदाच्या शिवरात्रीला चौथ्या प्रहरी त्यांच्या घरातले दोघे मंडपात येणार आहेत. त्याला आम्ही हे अजून सांगितलेले नाही.