दिसेल तो वाचेल? ईलिंगच्या रस्त्यांवरचे पादचारी आणि सायकलस्वार

पश्चिम लंडनमधील ईलिंग या बरोमध्ये रस्त्यांचे जवळपास सगळे प्रकार एकाच ठिकाणी पाहायला मिळतात. अ‍ॅक्टन, ईलिंग ब्रॉडवे, वेस्ट ईलिंग, हॅनवेल आणि साउथॉल या वस्त्यांमधून जाणारा अक्सब्रिज रोड हा दुकाने, बस-थांबे आणि सततची वर्दळ असलेला बाजाररस्ता आहे. उत्तरेकडचा वेस्टर्न अव्हेन्यू, म्हणजे ए४०, हा भरधाव वाहनांचा रुंद मार्ग. हँगर लेनच्या चौकात तो नॉर्थ सर्क्युलर रोडला भेटतो. तिथे भोवती अनेक पदरी वाहतूक फिरत असते आणि मधल्या ट्यूब स्थानकापर्यंत पायी जाणाऱ्यांना भुयारी मार्ग धरावा लागतो. या मोठ्या रस्त्यांच्या अधेमधे घरांच्या शांत गल्ल्या आहेत आणि ग्रँड युनियन कालव्याच्या काठाने जाणारी पायवाटही आहे.

या सगळ्या रस्त्यांवर हिवाळ्यात एक अडचण सारखीच असते. डिसेंबरमध्ये लंडनला दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो. शाळा सुटून मुले घरी पोहोचेपर्यंत अंधारू लागते आणि कामावरून परतणारा सायकलस्वार तर पूर्ण काळोखातच रस्त्यावर येतो. ग्रेट ब्रिटनमध्ये २०२३ साली रस्ते अपघातांत १,६२४ माणसे दगावली. त्यांत ४०५ पादचारी आणि ८७ सायकलस्वार होते, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा पायी किंवा सायकलवर असलेल्या माणसांचा. त्यांना वाचवायचे कसे, याच्या तीन उत्तरांवर ब्रिटनमध्ये गेली नव्वद वर्षे प्रयोग चालू आहेत: त्यांना वेगळी जागा द्यावी, ते ठळक दिसतील असे करावे, किंवा वाहनांचा वेग कमी करावा.

१९३४ चा सायकलमार्ग

पहिल्या उत्तराचा आरंभ ईलिंगमध्येच झाला. १९३४ साली ब्रिटनमध्ये रस्त्यांवर ७,३४३ माणसे मृत्युमुखी पडली होती. त्या वर्षी वाहतूकमंत्री झालेल्या लेस्ली होर-बेलिशा यांनी १४ डिसेंबर १९३४ रोजी वेस्टर्न अव्हेन्यूच्या कडेने, हँगर लेन ते ग्रीनफर्ड रोड या टप्प्यात, खास सायकलींसाठी बांधलेल्या मार्गाचे उद्घाटन केले. हा देशातला अशा प्रकारचा पहिला मार्ग. लांबी अडीच मैल, म्हणजे सुमारे चार किलोमीटर, आणि रुंदी साडेआठ फूट. पृष्ठभाग काँक्रीटचा होता. आसपास पेरिव्हेलच्या हूवर इमारतीसारखे नवे कारखाने उभे राहत होते आणि कामगारांचे रोजचे वाहन सायकलच होते.

या मार्गाला विरोध झाला तो सायकलस्वारांच्या संघटनेकडूनच. सायकलिस्ट्स टुरिंग क्लबला दोन शंका होत्या. आज ऐच्छिक असलेला मार्ग उद्या सक्तीचा होईल आणि मुख्य रस्त्यावरचा आपला हक्क जाईल, ही पहिली. दुसरी शंका बांधणीबद्दल होती. असा मार्ग सरळ पट्ट्यात, म्हणजे तुलनेने सुरक्षित जागी, संरक्षण देतो आणि बाजूचा रस्ता येऊन मिळतो तिथे तुटतो. नेमक्या त्याच ठिकाणी वळणाऱ्या मोटारीसमोर सायकल अचानक उगवते. मुख्य रस्त्यावर चालवत असता तर सायकलस्वार चालकाच्या नजरेसमोर राहिला असता. कडेच्या मार्गावरून येताना तो नजरेच्या टप्प्याबाहेर असतो. सायकलमार्गाची परीक्षा चौकात होते, हा धडा आजच्या रस्ते-अभियंत्यांनाही गिरवावा लागतो. म्हणूनच आता चांगल्या रचनेत बाजूच्या रस्त्याचे तोंड अरुंद करतात, सायकलमार्ग उंचवट्यावरून सलग पुढे नेतात आणि सिग्नलपाशी सायकलींसाठी मोटारींच्या पुढे थांबण्याचा चौकोन आखतात.

रस्ता ओलांडण्याची जागा

पादचाऱ्यांसाठी होर-बेलिशा यांनी १९३४ मध्येच ओलांडण्याच्या जागा ठरवून दिल्या. दोन्ही बाजूंना काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब आणि त्यावर नारिंगी गोळा, अशी खूण होती. हे खांब आजही ‘बेलिशा बीकन’ या नावानेच ओळखले जातात. खांब लांबून दिसे, पण रस्त्यावरची जागा धातूच्या बिल्ल्यांनी आखलेली असल्यामुळे चालकाच्या लक्षात येत नसे. म्हणून १९४९ मध्ये रंगीत पट्ट्यांचे प्रयोग झाले आणि १९५१ पासून काळ्या-पांढऱ्या झेब्रा पट्ट्यांचा वापर देशभर सुरू झाला. पुढे १९६९ मध्ये बटण दाबून वाहने थांबवण्याचे पेलिकन क्रॉसिंग आले. त्यानंतरच्या पफिन क्रॉसिंगमध्ये संवेदकांमुळे ओलांडणारा माणूस पलीकडे पोहोचेपर्यंत सिग्नल थांबून राहतो. टूकन क्रॉसिंग पादचारी आणि सायकलस्वार अशा दोघांसाठी असते.

काळोखाने शिकवलेला धडा

दिसण्याचे महत्त्व ब्रिटनला सर्वांत कठोरपणे कळले ते दुसऱ्या महायुद्धात. सप्टेंबर १९३९ पासून विमानहल्ल्यांच्या भीतीने रस्त्यांवरचे दिवे बंद झाले आणि मोटारींच्या हेडलाइटवर झाकणे बसली. पेट्रोलवर नियंत्रण होते, रस्त्यावर गाड्या कमी होत्या, तरीही १९४१ साली ९,१६९ माणसे अपघातांत मेली. ब्रिटनच्या इतिहासातला हा वार्षिक उच्चांक आजही कायम आहे. फुटपाथच्या कडा आणि झाडांची खोडे पांढरी रंगवली गेली; अंगावर काहीतरी पांढरे ठेवून चाला, असे लोकांना सांगण्यात आले. सायकलला मागे लाल दिवा सक्तीचा झाला तोही याच काळात. त्याआधी रिफ्लेक्टरवर भागत असे.

आजच्या नियमानुसार सूर्यास्तानंतर सायकलला पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर, तसेच ऑक्टोबर १९८५ नंतर बनलेल्या सायकलींच्या पायडलवर पिवळसर रिफ्लेक्टर असावे लागतात. उघडझाप करणारे दिवे २००५ पासून चालतात.

कपड्यांच्या बाबतीत दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. फ्लोरोसंट, म्हणजे झगझगीत पिवळा किंवा नारिंगी रंग, सूर्यप्रकाशातले अतिनील किरण शोषून त्यांचा दृश्य प्रकाश करतो. त्यामुळे तो दिवसा, ढगाळ हवेत आणि तिन्हीसांजेला उठून दिसतो. रात्री मात्र त्याचा फारसा उपयोग नसतो. रात्री उपयोगी पडते ती रिफ्लेक्टिव्ह पट्टी. तिच्यातले काचेचे बारीक मणी किंवा लोलक आलेला प्रकाश इतस्ततः न विखरता जिथून आला तिकडेच परत पाठवतात. हेडलाइट आणि चालकाचे डोळे जवळजवळ एकाच दिशेला असल्यामुळे ती पट्टी चालकाला लखलखीत दिसते.

पट्टी कुठे लावली आहे यानेही फरक पडतो. ऑस्ट्रेलियात जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद रस्त्यावर रात्री केलेल्या प्रयोगात काळ्या कपड्यांतले सायकलस्वार चालकांनी अवघे २ टक्के वेळा ओळखले. फ्लोरोसंट जाकिटाला हे प्रमाण १५ टक्के आणि रिफ्लेक्टिव्ह जाकिटाला ५० टक्के होते. त्याच जाकिटाबरोबर घोट्याला आणि गुडघ्याला पट्ट्या बांधल्यावर ते ९० टक्क्यांवर गेले. छातीवरची पट्टी स्थिर दिसते. ती रस्त्यावरची पाटीही असू शकते. घोट्याची पट्टी वरखाली होताच ‘हा माणूस आहे’ हे मेंदू क्षणात ओळखतो. फिनलंडमध्ये तर अंधारात चालणाऱ्या माणसाने रिफ्लेक्टर वापरावा असे कायदाच सांगतो.

दिसल्यानंतरचे अंतर

मात्र दिसणे हे निम्मेच काम आहे. चालकाला माणूस दिसल्यावर गाडी थांबवायला अंतर लागते, आणि ते वेगावर ठरते. ब्रिटिश हायवे कोडमधील आकडे असे आहेत: ताशी २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटर वेगाला थांबण्यासाठी १२ मीटर, ३० मैलांना २३ मीटर, ४० मैलांना ३६ मीटर आणि ६० मैलांना ७३ मीटर. गडद कपड्यांतला माणूस डिपरच्या झोतात तीसेक मीटरवर दिसला, तर २० किंवा ३० मैलांच्या वेगात तो वाचतो. ४० मैलांना चालकाने तत्काळ ब्रेक मारला तरी गाडी त्याच्यापर्यंत पोहोचते. हे आकडेही कोरड्या रस्त्याचे आणि सावध चालकाचे आहेत.

दुसरी मर्यादा चालकाच्या वागण्याची. इयन वॉकर यांनी बाथ विद्यापीठात असताना केलेल्या अभ्यासात सायकलवर अंतरमापक बसवून वेगवेगळ्या पोशाखांत प्रवास करण्यात आला, तेव्हा झगझगीत जाकिटामुळे ओव्हरटेक करणाऱ्या गाड्या जास्त अंतर ठेवतात असे आढळले नाही. फक्त पोलीस आणि चित्रीकरण यांचा उल्लेख असलेल्या जाकिटाला थोडी जास्त जागा मिळाली. सायकलस्वार दिसत नव्हता असे नाही. दिसूनही त्याला जागा दिली जात नव्हती.

तिसरी मर्यादा अवजड वाहनांची. डावीकडे वळणाऱ्या ट्रकच्या डाव्या बाजूला थांबलेला सायकलस्वार उंच केबिनमधल्या चालकाला दिसतच नाही, मग त्याने कितीही दिवे लावलेले असोत. म्हणून लंडनमध्ये १२ टनांवरच्या ट्रकना केबिनमधून किती दिसते यावर तारे दिले जातात आणि परवान्याशिवाय शहरात येऊ दिले जात नाही. ही सक्ती मार्च २०२१ मध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२४ पासून किमान तीन ताऱ्यांची अट आली. तेवढे तारे नसलेल्या ट्रकला कॅमेरे आणि संवेदकांसारखी जादा साधने बसवावी लागतात. दिसण्याची जबाबदारी इथे वाहनावर टाकली गेली आहे.

गल्ल्यांचा वाद

वाहनांची वर्दळच कमी करण्याचा प्रयोग ईलिंगने २०२० मध्ये केला. करोनाकाळात काउन्सिलने अनेक वस्त्यांमध्ये गल्ल्यांच्या तोंडाशी कुंड्या, खांब आणि कॅमेरे लावून आरपार जाणारी मोटार-वाहतूक बंद केली. चालणारे आणि सायकलवाले मात्र जाऊ शकत होते. काहींना मुलांना मोकळेपणी बाहेर सोडता येऊ लागले, तर वाहतूक मुख्य रस्त्यांवर ढकलली गेली आणि आम्हाला विचारलेच नाही, अशी इतरांची तक्रार होती. मोर्चे निघाले. २०२१ मध्ये रहिवाशांचा कौल घेऊन बहुतेक योजना गुंडाळण्यात आल्या. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी शाळेसमोरचा रस्ता मोटारींना बंद ठेवण्याची योजना मात्र बरोमध्ये चालू राहिली. कारण उघड आहे: तिचा हेतू शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या कोणालाही समजतो.

गावाकडचे रस्ते

अक्सब्रिज ओलांडून पुढे बकिंगहॅमशरमध्ये शिरले की चिल्टर्न टेकड्यांमधले अरुंद रस्ते लागतात. दोन्ही बाजूंना उंच कुंपणझाडे, फुटपाथ नाही, रस्त्यावर दिवे नाहीत, आणि वेगळी पाटी नसेल तिथे वेगमर्यादा ताशी ६० मैल. रविवारी लंडनचे सायकलस्वार याच भागात फिरायला जातात. ब्रिटनमध्ये सायकलस्वारांचे निम्म्याहून अधिक मृत्यू ग्रामीण रस्त्यांवर होतात. वर्दळ कमी असली तरी वेग जास्त असतो आणि वळणापलीकडचे काही दिसत नाही.

अशा रस्त्यांसाठी हायवे कोडने घालून दिलेले नियम साधे आहेत. पायी चालणाऱ्याने उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालावे. उजवीकडे तीव्र वळण असेल तर वळणाच्या बऱ्याच आधी रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेला जावे, म्हणजे समोरच्या चालकाला तो लवकर दिसतो. मोठा जथा असेल तर त्याने मात्र डाव्या बाजूने चालावे. पुढे आणि मागे एकेक राखणदार असावा. रात्री पुढच्याच्या हातात पांढरा आणि मागच्याच्या हातात लाल दिवा असावा. सायकलस्वाराला ओव्हरटेक करताना ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात किमान दीड मीटर अंतर सोडावे, वेग जास्त असेल तर त्याहून अधिक. कोडमध्ये २९ जानेवारी २०२२ पासून झालेल्या बदलांनुसार ज्याच्या हातात जास्त इजा करू शकणारे वाहन, त्याच्यावर जास्त जबाबदारी. वळणाऱ्या चालकाने रस्ता ओलांडायला थांबलेल्या पादचाऱ्यालाही आधी जाऊ द्यावे. गाडीचे दार दूरच्या हाताने उघडावे, म्हणजे मान आपोआप मागे वळते आणि येणारी सायकल दिसते.

कालव्याच्या काठी जास्त जबाबदारीचे हेच तत्त्व सायकलस्वाराला लागू होते. पुलाखालच्या चिंचोळ्या, काळोख्या वाटेत पादचाऱ्याचा हक्क पहिला. सायकलस्वाराने घंटी वाजवून वेग कमी करायचा असतो.

महाराष्ट्रासाठी

भारतातही वाहने डावीकडूनच चालतात, त्यामुळे यातले बहुतेक नियम जसेच्या तसे उपयोगी आहेत. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतला सुमारे पाचवा हिस्सा पादचाऱ्यांचा होता. पहाटे हमरस्त्याच्या कडेने फिरायला जाणाऱ्यांनी गाड्यांकडे तोंड करून चालावे. सायकलने शाळेत किंवा कामावर जाणाऱ्यांनी घोट्याला रिफ्लेक्टिव्ह पट्टी बांधावी. रात्री चालणाऱ्या दिंडीने पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा धरावा, आणि उसाच्या ट्रॉलीच्या मागचे रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेले नाहीत ना, हे निघण्यापूर्वी पाहावे. यातल्या कशालाही मोठा खर्च येत नाही. मात्र पट्टी बांधणाऱ्याने आपले काम केल्यावर उरलेले काम वेग आवरणाऱ्या चालकाचे आणि चौक नीट बांधणाऱ्या नगरपालिकेचे आहे. त्याचा जाब पादचाऱ्याच्या कपड्यांना विचारून चालणार नाही.